यंत्र सुरू केलं त्या दिवशी

शिंत्रे मॅडमनी कॉम्प्युटरवर आवाजाची पातळी आणखी एक पायरी चढवली. अडीच वर्षांची चार्वी ठोकळे रचत राहिली. ऑपरेशनला महिना झाला होता, कानामागचं यंत्र आज पहिल्यांदा सुरू केलं होतं, आणि पोर ढिम्म.

मागे बसलेली तिची आई, हेमांगी, जन्मापासून बहिरी होती. ती मॅडमचा चेहरा वाचत होती आणि तो गंभीर होत चालला होता. शेवटी तिनं घाईघाईत हातांनी विचारलं, "ऑपरेशन वाया गेलं का?"

चार्वी गर्रकन मागे वळली आणि आईच्या मनगटाकडे टक लावून पाहू लागली.

"तुमच्या बांगड्या ऐकल्या तिनं," मॅडमनी खुणांनी सांगितलं.

आपल्या बांगड्या वाजतात, हे हेमांगीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तोवर पोरीनं तिचं मनगट धरून जोरात हलवलं.