भिंतीवरची सावली

चित्रकार सकाळपासून वैतागला होता. मैदानातल्या झाडांच्या सावल्या रंगवाव्यात, तोवर ऊन सरकायचं आणि सगळी मेहनत पाण्यात जायची.

समोरच्या भिंतीवरची एक सावली मात्र जागची हलत नव्हती. तिथे ना झाड होतं, ना खांब.

त्याने ते सांगितलं, तेव्हा "मग तीच काढ की," शेजारी बसलेली बायको पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. "एरवी हलतात म्हणून बोंब मारतोस."

त्याने हट्टाला पेटून तीच काढली. दुपारी आभाळ भरून आलं, बाकीच्या सावल्या पुसल्या गेल्या. ती तशीच राहिली.

"संपलं एकदाचं!" त्याने ब्रश पाण्यात आपटला.

त्याबरोबर, बराच वेळ पोझ देऊन अवघडलेलं माणूस देतं तसा, सावलीने आळस दिला आणि भिंतीवरून उतरून ती चित्र बघायला आली.