अंबूबाईच्या पिशव्या

रूपेश चिकनवाल्यानं लाकडी ठोकळ्यावरून ओला फडका फिरवला, तेव्हा कान्हा दुकानासमोरूनच चालला होता. फडका हिरवा होता आणि त्याला पिवळे काठ होते. कान्हाचा पाय जागीच थांबला.

ती त्याच्या बायकोची, अंबूबाईची साडी होती. साडी कसली, साडीची शिवलेली पिशवी. तासाभरापूर्वी कशेळ्याच्या बाजारात, जीपा थांबतात तिथं उभं राहून त्यानंच ती एका बाईच्या हातात दिली होती.

अंबूबाईचं तेरावं होऊन महिना झाला होता. त्याआधीच्या वर्षी त्यांची गाभण गाय पोट फुगून मेली. गुरांच्या डॉक्टरनं पोट फाडलं, तर आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा, दोन हातांत मावेना एवढा. एका पिशवीची तर गाठही सुटली नव्हती. कुणीतरी उरलेला भात बांधून उकिरड्यावर फेकलेला, गायीनं तो पिशवीसकट गिळला होता. अंबूबाई गायीच्या तोंडाशी बसून राहिली, उठवलं तरी उठेना. दुसऱ्या दिवशी तिनं पेटी उघडली आणि आपल्याच साड्या फाडायला घेतल्या.

घरात मशीन नव्हती. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तरी ती ओटीवर बसून हातानं शिवत राहिली. बंद तर तीन-तीनदा टाचायची. "पाच किलो तांदूळ घातलं तरी तुटाया नको," म्हणायची. कावीळ झाली, अंथरूण धरलं, तरी उशाशी सुई होतीच. शेवटी शेवटी तिनं नवऱ्याला एवढंच बजावलं, "माज्या मागं पेटीत नका ठिवू. बाजारात वाटा."

म्हणून आज तो आला होता. लोकांनी घेतल्या. काहींनी आधी भाव विचारला, फुकट म्हटल्यावर उलटीपालटी करून पाहिली, मग घेतली. एका म्हातारीनं तर टाके बघून "कुनी शिवली रं बाबा?" असं विचारलं. बायको गेल्यापासून कान्हाला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं होतं.

"रूपेश, ह्यो फडका कुठनं आला?"

"एक बाई इसरून गेली, मामा. म्हनली, पिशवी चांगली हाय, चिकनच्या रगतानं खराब व्हईल. त्यापरीस दोन काळ्या पिशव्यांत घालून दे." रूपेशनं हसत ठोकळ्याची कड पुसली. "मी म्हटलं, असू दे. पुसायला झाली."

"दे ती मला."

"आरं मामा, पार माखलीय ती. थांबा, दुसरा कोरा फडका देतो."

"तीच दे."

त्याच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, रूपेशचं हसू मावळलं. त्यानं पिशवी पिळली आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

कान्हा बाजाराच्या नळावर गेला. उरलेल्या तीन पिशव्या काखेत दाबून तो वाकला आणि पिशवी चोळायला लागला. लाल पाणी गेलं, गुलाबी पाणी गेलं, पण काठावरचा डाग काही जाईना. त्यानं ती पिळली, आपटली, पुन्हा चोळली. बंदाचा एक टाका हलला नाही. तो टाका बोटाला लागला आणि मग त्याला पुढचं दिसेनासं झालं. मागं उभ्या असलेल्या बाईनं आपला हंडा नळाखाली सरकवला, त्याच्याकडं पाहिलं आणि मागं घेतला.

"आजोबा, कापडी पिशव्या तुम्हीच वाटताय ना?"

कॉलेजात जाणारी एक मुलगी होती. तिनं ओढणीचा ओचा धरला होता आणि त्यात टोमॅटो होते.

"एक द्या ना मला. पिशवी घरीच विसरले. तीन ठिकाणी फिरले, सगळे प्लास्टिकचीच देतात. मला ती घ्यायची नाहीये."

कान्हानं तोंड पुसलं. अशाच कुणासाठी तर अंबूबाई रात्रंदिवस शिवत बसली होती. त्याला ते कळत होतं. त्याचा हात काखेकडं गेलाही. वरचीच पिशवी अंबूबाईच्या रोजच्या साडीची होती, धुवून धुवून विटलेली. चुलीचा वास तिला अजून होता. बाकीच्या पिशव्या कुठं असतील आता? कुणाच्या दुकानात, कुणाच्या पायाखाली?

"संपल्या, बाय," तो म्हणाला.

मुलीनं त्याच्या काखेकडं पाहिलं. मग त्याच्या हातातल्या ओल्या पिशवीकडं पाहिलं. "बरं," म्हणाली आणि वळली. वळताना ओचा सुटला, दोन टोमॅटो घरंगळत गटाराकडं गेले. ती खाली बसून उरलेले सावरायला लागली, पण एका हातानं काही ते जमेना.

शेजारच्या भाजीवालीला तिची कीव आली. खिळ्याला टांगलेल्या जुडग्यातून तिनं एक पातळ पांढरी पिशवी ओढली, फुंकर मारून तिचं तोंड उघडलं आणि मुलीसमोर धरली. "घे गं, टाक त्यात. एकीनं काय व्हतंय?"

मुलगी क्षणभर तशीच बसून राहिली. मग तिनं एकेक टोमॅटो त्या पिशवीत टाकला.

कान्हानं हाक मारायला तोंड उघडलं. त्याची काख काही सैल होईना.