दगडाची जागा

कारगिलच्या लढाईत गेलेल्या प्रीतमच्या नावाचा दगड गावात उभा करायचा ठरला. सरपंच चार मानकऱ्यांना घेऊन त्याच्या आईकडे, काशीबाईकडे आले. तिच्या अंगणात ते पहिल्यांदाच बसले होते.

"दगडार काय लिवचा, काशीबाय?"

"नाव, हुद्दो आणि पलटण. थंय फौजेत तेका तितक्यानच वळखत."

"बरा. आणि शिमग्यात देवाची पालखी दरवर्षी तेच्या दगडाकडे थांबतली. देवळासमोर बरी जागा आसा."

"पालखी थांबतली, ह्या नक्की?"

"देवाक गाऱ्हाणा घालून ठरवला हा. आता बदल नाय."

काशीबाईने वाडीच्या कडेने वाहणाऱ्या ओहोळाकडे पाहिलं. पालखी गावभर घरोघर फिरायची, पण या वाडीत न येता ओहोळाच्या पलीकडूनच मागे वळायची. ती उठली आणि आपल्या तुळशीशेजारी जाऊन उभी राहिली.

"तर मगे दगड हयसर लावा. माझो झील लहानपणी ओहळाच्या काठार उभो रवान पालखी बघी. आता पालखीन ओहळ वलांडूचो."