खांद्यावरची सायकल

सायकलच्या दुकानातला मेस्त्री म्हणाला, "चिखल लागला की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. अशीच असते ही आडरानातली सायकल शर्यत."

मी म्हणालो, "मग सायकल हवी कशाला?"

माझी लेक कस्तुरी रुसली. तिच्या डांबरी रस्त्याच्या सायकलीला मेस्त्रीने या शर्यतीसाठी नुकतेच खाचांचे टायर बसवले होते. तिने ती उचलून दाखवली. दांडा हाडावर, मान वाकडी.

तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहिलीत मी, मला बघवेना. माझी खांद्यावरची गोणपाटाची घडी दांड्याला बांधली. "वजन हाडावर नको, मांसावर घे. आणि पायाखाली बघू नकोस."

रविवारी शर्यतीत चिखलाच्या चढावर ती पाच जणींना मागे टाकून गेली.

शेजारी उभ्या असलेल्या एका कोचने विचारलं, "ही अशी सायकल उचलायला कुठे शिकली?"

मी सांगितलं, "कांद्याच्या गाळ्यावर."