कुणाची प्रतिनिधी?

"इथे सही करा, कौमुदी-सान. नुसती औपचारिकता आहे." ऑफिसचे साहेब कुरोदा-साननी कागद पुढे सरकवला.

कौमुदीने वाचलं. गरज पडल्यास महिन्याला ऐंशी तास जादा काम करायला कर्मचाऱ्यांची संमती आहे. खाली 'कर्मचारी प्रतिनिधी' म्हणून तिचं नाव आधीच छापलेलं. तिला कुणी, कधी निवडलं होतं?

जुना करार आज संपत होता. नवा झाला नाही, तर उद्यापासून कावासाकीच्या या ऑफिसात सहानंतर कुणालाही थांबवून घेता येणार नव्हतं. कौमुदीच्या व्हिसाचं पत्रही याच साहेबांच्या सहीसाठी अडलं होतं. तिने पेन उचललं.

समोर हान-सान बसली होती. सोलहून आलेली ही प्रोग्रामर गेल्या महिन्यात रात्री उशिरा काम करताना खुर्चीतच कोसळली होती. कालच हॉस्पिटलातून कामावर परतली होती. तिचा चेहरा अजून पांढराफटक होता.

कौमुदीने पेन खाली ठेवलं.

"प्रतिनिधी तर लोकांनी निवडायचा असतो ना, कुरोदा-सान? कायदा तसाच आहे."

कुरोदा-सानचं हसू मावळलं. त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना उभं केलं.

"कौमुदी-सानना मी तुमची प्रतिनिधी करतोय. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा!"

एकतीस माणसं. एकही हात वर झाला नाही. हान-सान तर खाली मान घालून उभी होती.

कौमुदीचे कान तापले. याच लोकांबरोबर ती दोन वर्षं डबा खात होती. ज्यांच्यासाठी व्हिसा पणाला लावला, त्यांना ती नकोच होती! डोळ्यांतलं पाणी तिने कसंबसं थोपवलं.

"मग माझी सही चालणार नाही," ती म्हणाली आणि तिने कागद परत केला.

कुरोदा-सान फोन घेऊन बाहेर गेले. कौमुदी खुर्चीत बसली. कुणीतरी जवळ येऊन उभं राहिलं. तिने वर पाहिलं, तर हान-सान. तिच्या मागे एकेक करत सगळेच येत होते.

"रागावू नका," हान-सान हळूच म्हणाली. "मघाशी साहेबांनी विचारलं होतं. आता आम्ही विचारतोय. आमच्यातर्फे उभ्या राहाल?"