परशुराम मास्तरांचा सोडा

परशुराम मास्तरांनी अंगठ्याने गोटी आत दाबली तसा सोडा फसफसत बाटलीच्या तोंडाशी आला. मे महिना, कल्याणच्या वालधुनीतली पत्र्याची खोली, आणि समोर रेल्वेच्या यार्डात काम करणारा धोंडीबा. त्याची नंदा मॅट्रिक झाली होती. तिला कॉलेजात सायन्सला घालाच, असा मास्तरांनी हट्ट धरला होता. धोंडीबाला भीती एकच. जातीवरून पोरीला तिथे कुणी बाजूला बसवलं तर?

"असं काय व्हनार न्हाई ना, मास्तर? तुमी म्हनाल ते खरं."

"शब्द देतो. शिकलेल्या माणसांत आता हे काही उरलेलं नाही," मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्याने त्यांना भरून आलं. शाळेतले दुसरे कोण मास्तर या वस्तीत पाय ठेवत होते? हे तर अधूनमधून येत, धोंडीबाच्या खाटेवर त्याच्या शेजारी बसत. पाणी मात्र घेत नसत. ते आले की धोंडीबा कोपऱ्यावरून सोडा आणायचा. बंद बाटलीतल्या सोड्याला विटाळ नाही, असं मास्तरांच्या घरात पूर्वीपासून चालत आलं होतं. धोंडीबाच्या घरात सगळे म्हणत, मास्तरांना सोडा फार आवडतो.

हे बुडबुडे येतात कुठून, असं नंदाने विचारलं. मास्तर खुलले. कारखान्यात दाब देऊन वायू पाण्यात विरघळवतात. तोच वायू गोटीला आतून तोंडाशी दाबून धरतो. गोटी सरकली की दाब सुटतो, आणि काचेवरच्या बारीक चऱ्यांपाशी वायू जमून वर पळतो. उकाड्यात तर जास्तच. सांगण्याच्या नादात हातातला सोडा पार सपक झाला.

"आणि सगळा वायू गेला की काय उरतं, सर?"

"काय उरणार? पाणी. साधं पाणी."

नंदा बाटलीकडे बघत राहिली. मग उठली, माठातून पेला भरला आणि अगदी निर्मळ मनाने त्यांच्यापुढे धरला.

मास्तरांचा हात मांडीवरून उठेना. उठावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. वर्गात समतेवर दिलेली सगळी व्याख्यानं आठवली. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. तरी हात तिथेच.

धोंडीबाने पोरीच्या हातून पेला काढून घेतला. "तिला कळत न्हाई, मास्तर," तो पायांत वहाणा सरकवत म्हणाला. "दुसरा सोडा आनतो."

नको म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं.

"जरा थंड बघून आण," ते म्हणाले.