राजीखुशीचा कागद

"मेले दोरे तरी कसले बारीक काढतात हल्ली," मथुराबाई मीराच्या कानाशी पुटपुटल्या. "आणि सुयांना भोकं ठेवतात की नाही?"

मीराने त्यांच्या हातातली सुई घेतली, ओवली आणि परत दिली. एरवी ती सकाळीच सात-आठ सुया ओवून त्यांच्या पुढ्यातल्या उशीत खोचून ठेवायची. आज यायला उशीर झाला होता.

मुलुंडच्या त्या गाळ्यात शाळांचे गणवेश शिवले जात. कॉलर-बाह्या शकु करायची, खिसे आणि काजं मीरा, आणि शेवटी खिशावर शाळेचा बिल्ला हाताने टाचायच्या मथुराबाई. बिल्ल्यावर समई. दिवाळीपासून त्यांच्या समया अधूनमधून उलट्या लागत होत्या, ज्योत खाली. जेवणानंतर मथुराबाई भिंतीला टेकून डोळे मिटायच्या, तेवढ्यात मीरा ब्लेडने टाके उसवून समई सरळ करायची. एकदा एक उलटी समई थेट शाळेत पोचली. मालक निमेशभाईंनी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, मशीन बिघडलं होतं. मथुराबाईंना कुणी अवाक्षर बोललं नाही.

निमेशभाई आज आत आले ते हातात तीन कागद घेऊन. जूनअखेर कारखाना भिवंडीला जाणार, हे तिघींना ठाऊक होतं. कागद मात्र नवे होते. मी राजीखुशीने नोकरी सोडत आहे, आणि खाली सहीसाठी रेघ. शकु पेन शोधू लागली.

मीरा वाचत राहिली. तिची नणंद मानखुर्दला ज्या कारखान्यात होती तो बंद पडला, तेव्हा ज्यांनी असे कागद लिहून दिले त्यांच्या हातात नुसता नारळ पडला. ज्या अडून बसल्या त्यांना सगळं मिळालं. नणंद लिहून देणाऱ्यांतली. मीराची नजर कापडाच्या ताग्यांकडे गेली. मे निम्मा सरला होता. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, आणि बरेच तागे अजून सोडलेसुद्धा नव्हते. या दिवसांत घाटकोपरपर्यंत शोधलं तरी रिकामी शिवणारी बाई मिळत नाही, हे रडगाणं दरवर्षी निमेशभाईच तिच्यापाशी गायचे.

तिने मशीनचं बटण बंद केलं. शकुने एकवार तिच्याकडे पाहिलं, पेन ठेवलं आणि आपलंही बंद केलं.

"निमेशभाई, कारखाना तुमचा चाललाय. आम्ही इथंच आहोत," मीरा म्हणाली. "मग राजीखुशी आमची कशी?"

निमेशभाई हसले, मग हसायचे थांबले. एका गठ्ठ्यावर बसून त्यांनी गाळ्याचं भाडं कसं वाढलंय ते सांगितलं, वडिलांचं दुखणं सांगितलं. मीराने सगळं ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. मग तिने आपलं सांगितलं. जूनची ऑर्डर तिघी पुरी करून देतील, रविवारीही येतील. पण राजीनामा नाही. कारखाना हलवल्यामुळे काम संपलं, असं लिहायचं. कायद्याने बसतं ते द्यायचं. आणि जिचं मशीन तिने घरी न्यायचं.

निमेशभाईंनी न सोडलेले तागे नजरेने मोजले. मग चालेल म्हणाले. पप्पांसमोर असं बोलायची कुणाची छाती झाली नसती, असंही म्हणाले, पण त्यात राग नव्हता.

"फक्त मावशींचं काम हाताचं," ते म्हणाले. "त्यांना मशीनच्या जागी काय देऊ?"

शकु म्हणाली, पंखा द्या, नाहूरला त्यांच्या खोलीत फार उकडतं. निमेशभाईंना मिक्सर सुचला. मिक्सर आहे त्यांच्याकडे, मीरा म्हणाली. मग पुन्हा पंख्यावर आले, छताचा की टेबलाचा. तिघंही ताग्यांकडे, दाराकडे, एकमेकांकडे बघत बोलत होते. मथुराबाईंकडे कुणी बघत नव्हतं. काय द्यायला हवं ते तिघांनाही कळत होतं.

मथुराबाईंनी हातातला शर्ट मांडीवर उतरवला आणि खिशावरून अंगठा फिरवला.

"मला डोळ्याचं ऑपरेशन करून दे, निमेश," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू पिकलाय. दिवाळीपासून दिसत नाही मला. दुपारची मी झोपत नाही रे. ही माझे टाके उसवते, तो आवाज ऐकत बसते."